मंगळवारची फळी

वडगावात मंगळवारी माग बंद.
एवढा एकच दिवस शेडच्या भिंती गप्प असतात.
मागांच्या मधल्या वाटेवर मी सतरंजी अंथरते,
त्याआधी खाली वाकून
खिळे, तारेचे तुकडे, सुताचे गुंते वेचते.
आमची पोरं काहीही तोंडात घालतात.

पहिल्याच महिन्यात पाटीवरनं भांडण झालं होतं.
वर कन्नड की वर मराठी.
दोन बापांनी एकमेकांची गचांडी धरली
आणि सौजन्या, जिला दोन्हींतलं काही बोलता येत नाही,
टाळ्या वाजवून हसली.
तेव्हापासून पाटी नाही.
दाराच्या कडीला एक लाल कांडी बांधतो.
ती दिसली की या.

दोन पायऱ्यांवर लुमाण्णानं
मोडक्या मागाची फळी टाकली,
चाकाच्या खुर्चीसाठी.
दुफळी नको म्हणून फळी, हा त्याचा विनोद,
दर मंगळवारी तोच.
कुणी आलं की ती खाडकन वाजते.
वाजली की बोलणं थांबवायचं
आणि सरकायचं.

बाकीचे नियम ठेचा खात ठरले.
टक्के विचारायचे नाहीत.
सर्टिफिकेटावर कुणाचे चाळीस, कुणाचे नव्वद,
चाळीसवालीनं रडावं की नाही
यात एकदा अख्खी दुपार गेली होती.
विचारल्याशिवाय वैद्य सुचवायचा नाही.
"धीर धर" म्हणायचं नाही.
धीर मिळत असता
तर शनिवारच्या बाजारातनं आणला असता की,
पाव किलो, पाव किलो.

माघात फळी वाजली.
अनगोळची नफिसा. कडेवर सहा वर्षांचा मुलगा,
त्याची मान तिच्या खांद्यावर पडलेली.
उंबऱ्यातच थांबली.
मी "बसा की" म्हणेपर्यंत
गौरव्वा बोलून गेली,
"पोटात असताना गिराण बघितलंस काय गं?"

नफिसानं ओढणी सारखी केली.
"नाही" म्हणाली, इतकं हळू
की ते मला नंतर ऐकू आलं.
फळी परत वाजली.
जाताना तिचा आवाज वेगळा येतो.

मी तोंड सोडणारच होते.
उठ, चालती हो, म्हणणार होते.
गौरव्वा सतरंजीचा दोरा उपसत बसलेली.
"मला बारा वर्षं हेच विचारलं," म्हणाली,
"सासूनं, जावेनं, नळावर बायकांनी.
मला वाटलं, पहिल्यांदा असंच विचारतात."

मग कुणाला बाहेर काढू?
मी तिला चहा दिला.
रागानं अर्धाच.

बुधवारी माग धडधडायला लागले, मी अनगोळला गेले.
नफिसानं खुर्ची दिली, पाणी दिलं.
झालेलं तिनं काढलं नाही, मीही नाही.
मुलगा पंख्याकडे बघत होता,
आम्ही दोघी मुलाकडे.
निघताना एवढंच म्हटलं,
लाल कांडी. मंगळवार.

तीन मंगळवार मी फळीकडे कान लावून बसले.
मांजर गेलं तरी वळून बघायची.

चौथ्याला ती आली.
सगळ्यांआधी गौरव्वा सरकली,
इतकी, की पाठ मागाच्या लोखंडाला टेकली.
माफीबिफी तिला येत नाही.
मोकळ्या जागेवर हात थोपटून म्हणाली, "कूड्री."
बराच वेळ गेला.
मग, "ह्याचं नाव काय गं?"

"अर्सलान."

गौरव्वाच्या जिभेला ते बसेना.
अरसाळ. आर्सलन.
नफिसा हसली नाही, पण सावकाश परत सांगितलं,
दोनदा, धागा ओवून दाखवावा तसं.
चौथ्या खेपेला नाव नीट आलं
आणि पोरानं खांद्यावरनं मान उचलली.
किती उचलली म्हणाल तर
टक्के आम्ही सांगत नाही.